हात सोडणाऱ्या पेशी

विद्यार्थ्यांनो, मराठीच्या तासाला 'पेशी' हा शब्द आला की वर्गात हमखास हशा पिकतो. त्यात तुमचा दोष नाही. उर्दूत 'पेशी' म्हणजे कोर्टातली तारीख. मराठीत मात्र पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यालाच 'खलिया' म्हटले आहे. या पाठात हा शब्द वारंवार येणार आहे, म्हणून हसायचे असेल तर आताच हसून घ्या.

दुसरा शब्द आहे 'कर्करोग'. कर्क म्हणजे खेकडा. उर्दूत या रोगाला 'सरतान' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी आहे आणि त्याचाही अर्थ खेकडाच. त्याही आधी ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, असे सांगतात. तीन भाषांना एकच प्राणी आठवावा, ही गंमतीची गोष्ट आहे.

आपल्या हमरापूरच्या मुलांना खेकड्याची ओळख करून द्यायला नको. खाडीकाठची चिंबोरी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. आपल्याकडे खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. त्याला खारबंदिस्ती म्हणतात. चिंबोऱ्या या बांधात बिळे करतात. बिळे लहान असतात, तोवर कोणाचे लक्ष जात नाही. मग एखाद्या मोठ्या भरतीला पाणी त्या बिळांतून वाट काढते, माती वाहून जाते आणि बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी आत आले की शेत नापीक होते. ते पुन्हा पिकते करायला बराच काळ जातो. म्हणून जाणता शेतकरी चिंबोरी केवढी आहे हे पाहत बसत नाही. बांध शाबूत आहे की नाही, हे तो आधी पाहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येईल.

आमच्या शेजारी एक चाचा राहत. आयुष्यभर त्यांनी अनवाणी शेती केली. त्यांच्या तळपायावर एक काळा डाग उठला. "काटा मोडला असेल," असे ते म्हणाले आणि दोन पावसाळे तसेच गेले. डाग पसरला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, मधून पाणी येऊ लागले. घरच्यांनी डॉक्टरांकडे चला म्हटले, तेव्हा मोहल्ल्यातील चारजण म्हणाले, "चाकू लावू देऊ नका. चाकू लागला की असला आजार अंगभर पसरतो." अखेर चाचा रुग्णालयात गेले तेव्हा त्यांच्या जांघेत गाठी आल्या होत्या. पायाचा डाग कापून काढला, पण वर्षभरातच चाचा गेले. मय्यतीला जमलेले लोक म्हणाले, "पाहिलेत? चाकू लागला आणि पसरला."

खरोखर चाकूमुळे पसरला का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्वचेच्या आत डोकावले पाहिजे.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्यात पेशींच्या अनेक रांगा एकावर एक रचलेल्या असतात. तळाच्या रांगेत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. तळाच्या रांगेखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. तोच त्वचेचा बांध. या बांधाच्या वर रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या आणि बाकीचा सारा संसार बांधाच्या खाली असतो.

तळाच्या रांगेत मधून मधून एक वेगळी पेशी बसलेली असते. ती रंगपेशी. तिला झाडाच्या फांद्यांसारखे हात असतात. एक रंगपेशी आपल्या हातांनी सुमारे ३६ शेजारी पेशींपर्यंत पोहोचते आणि त्यांना मेलॅनिन नावाचा काळसर रंग पुरवते. हा रंग उन्हातील अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करतो. बदल्यात शेजारी पेशी रंगपेशीला आपल्या धाकात ठेवतात. किती वाढायचे, कोठे बसायचे, हे त्या ठरवतात. हा धाक शब्दांनी घातला जात नाही. तो स्पर्शाने घातला जातो. पेशींनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले असतात, म्हणून तो टिकतो.

पेशींचे हात ही नुसती कल्पना आहे असे समजू नका. १९०७ साली अमेरिकेतील एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातील जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. स्पंजाच्या पेशी सुट्ट्या होऊन पाण्यात पडल्या. आपल्या गावातल्या गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती चाळताना तुम्ही पाहिली असेल. तसेच हे चाळणे. फरक एवढाच की चाळलेली माती कोणीतरी पाणी घालून मळेपर्यंत सुटीच राहते. स्पंजाच्या पेशी मात्र आपण होऊन एकमेकींकडे सरकल्या, चिकटल्या आणि त्यांचा पुन्हा स्पंज तयार झाला. म्हणजे पेशींच्या अंगावर असे काही तरी आहे, की ज्यामुळे त्या आपला शेजारी ओळखतात आणि त्याला धरून राहतात.

ते 'काही तरी' सापडायला सत्तर वर्षे लागली, आणि ते सापडले एका फसलेल्या प्रयोगातून. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करत होते. क्योटोमध्ये ते ज्या पेशी सुट्या करत, त्या थोड्या वेळात पुन्हा चिकटत. बाल्टिमोरमध्ये मात्र पेशी चिकटेनात. ताकेइचींनी दोन्ही ठिकाणच्या कृती ताडून पाहिल्या. बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम काढून घेणारे एक रसायन होते. कॅल्शियम नसल्यामुळे पेशींचे हात उघडे पडत आणि पेशी सुट्या करणारे पाचक द्रव्य ते हात कुरतडून टाकत असे. कॅल्शियम असले की हात सुरक्षित राहत. पुढे त्यांनी ते हात म्हणजे एक प्रथिन आहे हे दाखवले आणि १९८४ साली त्याला 'कॅडहेरिन' हे नाव दिले. आपल्या हाडांतला आणि दुधातला कॅल्शियम पेशींना जोडून ठेवण्याच्याही कामी येतो, हे मला स्वतःला बी.एड. झाल्यावर कळले. तुम्हाला आजच कळले.

अशा प्रथिनांना पेशी जोडणारे रेणू म्हणतात. त्यांचे पुष्कळ प्रकार आहेत. त्वचेच्या पेशींवर जे कॅडहेरिन असते त्याला ई-कॅडहेरिन म्हणतात. एका पेशीचे ई-कॅडहेरिन शेजारणीच्या ई-कॅडहेरिनलाच धरते. दुसऱ्या जातीच्या कॅडहेरिनशी त्याचे सहसा जुळत नाही. याशिवाय सदऱ्याच्या बटणांसारखे पक्के जोड असतात, त्यांना डेस्मोसोम म्हणतात. पेम्फिगस नावाच्या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून याच बटणांवर हल्ला करते. बटणे सुटतात, पेशी एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि त्वचेवर पाण्याचे फोड येतात. तो कर्करोग नव्हे. पण पेशींचे जोड सुटले तर काय होते, हे तेथे डोळ्यांनी दिसते. तिसरा प्रकार इंटिग्रिनचा. हे रेणू पेशीला खालच्या बांधाशी आणि आजूबाजूच्या धाग्यांशी बांधून ठेवतात. झाडाची मुळे जमीन धरतात, तसे.

आता कर्करोगाकडे वळू. पेशींच्या वाढीचा हिशेब बिघडला, त्या नको तेवढ्या वाढू लागल्या की गाठ होते. पण प्रत्येक गाठ सारखी घातक नसते. त्वचेच्या कर्करोगाचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला तळाच्या पेशींचा. तो हळूहळू वाढतो, आजूबाजूचा भाग पोखरतो, पण शरीरात दूर कोठे जाणे जवळजवळ नाहीच. त्याच्या पेशींवर ई-कॅडहेरिन बहुधा टिकून असते. दुसरा वरच्या चपट्या पेशींचा. तो कधी कधी पसरतो. तिसरा रंगपेशींचा. त्याला मेलॅनोमा म्हणतात. चाचांना झाला तो हाच. तिघांमध्ये हा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत आक्रमक.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एक हकिकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मुंबईची आहे. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे असे रुग्ण येत, की ज्यांना कंबरेवरच त्वचेचा कर्करोग झालेला असे. हे लोक वर्षानुवर्षे धोतर करकचून बांधत. त्या जागी त्वचा घासून काळी पडे, मग जखम होई, ती भरे, पुन्हा चिघळे. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्यबाई यांनी १९४५ साली ही माहिती अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. जगाच्या वैद्यकशास्त्रात 'धोतीचा कर्करोग' हे नाव तेव्हा दाखल झाले. पुढे घट्ट बांधलेल्या साडीमुळे व परकराच्या नाडीमुळेही तसाच रोग झाल्याच्या नोंदी आल्या. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्ण स्त्रीची माहिती प्रसिद्ध केली. तुमच्या घरातील आजीला नाडी थोडी सैल बांधायला सांगितले, तर ती रागावणार नाही.

मेलॅनोमा एवढा आक्रमक का, याचे एक कारण रंगपेशीच्या लहानपणात सापडते. बाळ आईच्या पोटात असताना रंगपेशी त्वचेत जन्मत नाहीत. त्यांचे पूर्वज पाठीच्या कण्याच्या जागेजवळ तयार होतात आणि तेथून चालत चालत सर्व अंगभर त्वचेत येऊन बसतात. म्हणजे रंगपेशी मूळची मुसाफिर. त्वचेत आल्यावर ती ई-कॅडहेरिनने शेजाऱ्यांचा हात धरते आणि स्थिरावते. पण प्रवासाची विद्या ती पुरती विसरलेली नसते.

मेलॅनोमा सुरू झाला तरी पहिले काही दिवस, कधी काही वर्षेही, बिघडलेल्या रंगपेशी बांधाच्या वरच राहतात. डाग आडवा पसरतो. या अवस्थेत तो कापून काढला तर रोग बहुधा मुळासकट जातो. त्यानंतर मोठा बदल होतो. पेशींच्या अंगावरचे ई-कॅडहेरिन कमी होते आणि त्याऐवजी एन-कॅडहेरिन येते. म्हणजे त्या त्वचेतील शेजाऱ्यांचा हात सोडतात. एन-कॅडहेरिन कोणाकडे असते? बांधाखालच्या धागे विणणाऱ्या पेशींकडे आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींकडे. रंगपेशी आता त्यांचा हात धरू शकते. धाक घालणारे शेजारी सुटले आणि वाट दाखवणारे नवे सोबती मिळाले. डाग आता उभा, खोल वाढू लागतो.

हे काम एकटे कॅडहेरिन करत नाही. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक येथे ज्युडिथ जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेलॅनोमाच्या पेशींवर आणखी एक जोडणारा रेणू सापडला. तो आता 'मेल-कॅम' या नावाने ओळखला जातो. गाठ जितकी जाड, तितका हा रेणू जास्त आढळला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९९० साली असे दिसले, की एका विशिष्ट जातीचे इंटिग्रिन खोल वाढणाऱ्या मेलॅनोमावर असते आणि साध्या तिळावर किंवा आडव्या वाढीच्या डागावर नसते. त्याच शहरातील मीनहार्ड हर्लिन यांच्या गटाने २००० साली उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मेलॅनोमाच्या पेशींना ई-कॅडहेरिन परत मिळवून दिले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेत या पेशी पुन्हा शेजाऱ्यांना चिकटल्या, त्यांच्या धाकात आल्या आणि त्यांच्यावरचे घुसखोरी करणारे रेणूही कमी झाले. मला स्वतःला हा प्रयोग सर्वांत आवडतो. बिघडलेले मूल पुन्हा घरच्यांच्या हाती लागावे, तसे काहीसे वाटते. परंतु काचेच्या बशीत जे साधते ते माणसाच्या शरीरात अजून साधलेले नाही. या रेणूंना रोखणारी काही औषधे मेलॅनोमाच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली, पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

बांध ओलांडलेली पेशी रक्तातून किंवा लसिकेतून वाहत जाते. पण ती थांबते कोठे? मेलॅनोमाच्या पेशी पुष्कळदा फुप्फुसात जाऊन बसतात. फुप्फुसातच का? या प्रश्नावर आपल्याच रायगड जिल्ह्यात काम झाले आहे. हमरापूरहून महामार्गाने पनवेलच्या पुढे गेले की खारघर लागते. तेथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली परळला सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्र हेच तिचे मूळ. २००२ साली ते खारघरला आले.

तेथील डॉ. राजीव कलरैया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी घेतल्या. या पेशींची कहाणी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत आयझाया फिडलर या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या पेशी उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचल्या. फुप्फुसात ज्या रुजल्या तेवढ्याच काढून वाढवल्या आणि दुसऱ्या उंदराला टोचल्या. असे दहा वेळा केले. दहाव्या फेरीच्या पेशी फुप्फुसात रुजण्यात पटाईत झाल्या होत्या. खारघरच्या गटाने पाहिले, की अशा पेशींच्या अंगावरील प्रथिनांना साखरेच्या रेणूंच्या फांद्या लागलेल्या असतात आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर त्या फांद्या पकडणारे रेणू असतात. २००५ आणि २००९ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. फुप्फुसातल्या या पकडणाऱ्या रेणूचे नाव गॅलेक्टिन-३. वाहत्या पाण्यातले झुडूप काठच्या तारेला अडकावे, तशी पेशी तेथे अडकते. इंग्लंडचे डॉक्टर स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच म्हटले होते, की कर्करोगाच्या बीला मानवेल अशीच जमीन लागते. जमीन बीला कशी धरते, याचा एक धागा खारघरला सापडला.

त्याच संस्थेत डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने डेस्मोसोमच्या बटणांवर काम केले. त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतील प्लाकोफिलिन-३ हे बटणाचे प्रथिन कमी केले. पेशींचा चिकटपणा घटला आणि उंदरात रोग दूरवर पसरू लागला. हे संशोधन २००८ सालचे. ते त्वचेचे नाही, पण गोष्ट तीच: आधी हात सुटतो, मग प्रवास सुरू होतो.

आता चाचांच्या चाकूकडे परत येऊ. पेशींचे हात सोडवणे हे चाकूचे काम नव्हे. हात आतूनच सुटतात, पेशीतल्या बिघाडामुळे. चाचांच्या जांघेतल्या गाठी चाकू लागण्यापूर्वीच्या होत्या. पायावरून निघालेल्या पेशी लसिकावाहिन्यांतून तेथवर आधीच पोहोचल्या होत्या. आपल्याकडे लोक चाकूपाशी फार उशिरा येतात. त्यामुळे लोकांना चाकू आणि पसरणे एकापाठोपाठ दिसते, आणि दोष चाकूला लागतो. बांधाला खांड पडल्यावर जो माणूस फावडे घेऊन धावतो, त्यानेच बांध फोडला म्हणण्यासारखे हे आहे. मात्र डाग ब्लेडने खरवडणे, त्यावर तेजाब लावणे, दोरा बांधणे हे प्रकार कोणी करू नयेत. त्यात डाग वरवर नाहीसा होतो आणि खालचा रोग तसाच राहतो. तपासायला काही शिल्लकही उरत नाही.

इब्न सीना (९८०–१०३७) यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात सरतानावर लिहिताना त्यांनी गाठ लहान आणि सुरुवातीची असतानाच कापावी, आणि कापताना आजूबाजूचा भागही पुरेसा घ्यावा, असे सांगितले आहे. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, कॅडहेरिन त्यांना ठाऊक नव्हते. तरी एक हजार वर्षांपूर्वी त्यांना हे दिसले होते.

भारतात मेलॅनोमा कमी आढळतो. आपल्या त्वचेतील मेलॅनिन आपले रक्षण करते. पण जो होतो तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तेथे काटा, मार, चिखल अशी सबब लगेच सुचते. तीळ सर्वांनाच असतात. त्यांतला एखादा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, कडा तुटक असतील, रंग एकसारखा नसेल, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, किंवा काही महिन्यांत बदलत असेल, तर डॉक्टरांना दाखवावा. नखात काळी पट्टी आली आणि ती रुंद होत गेली, तरीही दाखवावी. घरातील वडीलधाऱ्यांचे तळपाय त्यांना स्वतःला दिसत नाहीत. नातवंडांना दिसतात.

काढलेला डाग प्रयोगशाळेत जातो. तेथे त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खोली मोजतात. अमेरिकेतील डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले, की मेलॅनोमाचा रुग्ण वाचेल की नाही, याचा अंदाज या खोलीवरून चांगला बांधता येतो. पेशी त्वचेत किती खोल उतरल्या, याचेच हे माप. १ मिलिमीटरपेक्षा कमी खोली असेल तर बहुतेक रुग्ण नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावरच्या दोन सर्वांत जवळच्या रेघांमधले अंतर म्हणजे १ मिलिमीटर. चाचांच्या कागदावर खोलीच्या रकान्यात ७ हा आकडा होता.